टाकी फुल, तरी जनरेटर बंद! डिझेलची वाट समजून घ्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानासाठी किती केव्हीएचा जनरेटर घ्यायचा ते बघितलं. शेवटी मी म्हटलं होतं, की जनरेटरने मला एकदा चांगलाच धडा शिकवलाय, तो सविस्तर लिहीन. तर हा तो धडा. आईस्क्रीम पार्लर, बेकरी, डेअरी, चिकन सेंटर, छोटं हॉस्पिटल, मंगल कार्यालय, यातलं काहीही चालवायचं तुमच्या डोक्यात असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

त्या रात्री काय झालं

मे महिना, लग्नसराई. आमच्या दुकानात चार डीप फ्रीझर भरलेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका लग्नाची ऑर्डर. संध्याकाळी पाचच्या सुमारास वळवाचा पाऊस आला, ट्रान्सफॉर्मर उडाला आणि लाईट गेली. मी निवांत होते. आपल्याकडे १५ केव्हीएचा जनरेटर आहे, सकाळीच टाकी अगदी गळ्यापर्यंत भरलीय, काळजी कसली?

जनरेटर सुरू झाला. अर्ध्या तासाने आवाज बदलला, झटके मारायला लागला आणि बंद पडला. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने झाकण काढून डिझेल बघितलं. टाकी जवळपास भरलेलीच. त्याने झाकण लावलं, परत स्टार्टर मारला, सुरू! पुन्हा थोड्या वेळाने बंद. असं रात्री अकरापर्यंत चाललं. मग बॅटरीच उतरली.

फोन करून मेकॅनिक बोलावला. त्याने दुसरी बॅटरी जोडली, डिझेल फिल्टर बदलला, वीस मिनिटं चालवून दाखवला, पैसे घेतले आणि गेला. तो गल्लीच्या टोकाला पोचला नसेल, तोवर जनरेटर बंद! पुन्हा फोन केला तर म्हणाला, "पंप खोलावा लागेल, उद्या दुपारी येतो."

सकाळपर्यंत चारही फ्रीझरमधला माल मऊ पडला होता. वितळलेलं आईस्क्रीम परत गोठवून विकत नाहीत, ते टाकूनच द्यायचं असतं. माल गेला, लग्नाची ऑर्डर गेली. आणि त्या रागात मी त्या मुलावर नको नको ते बोलले. "तूच काहीतरी केलं असणार, डिझेलमध्ये भेसळ केलीस का?" इथपर्यंत. तो खाली मान घालून ऐकत राहिला.

सकाळी शेजारचे मंडपवाले काका आले. त्यांचे भाड्याचे तीन जनरेटर आहेत. त्यांनी स्पॅनर हातातही घेतला नाही. एकच प्रश्न विचारला, "पोरी, टाकीचं झाकण उघडताना फुस्स असा आवाज येतो का गं?"

मी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "येतो ना काका. दरवेळी येतो."

काकांनी झाकण फिरवून काढलं. आतल्या बाजूला दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक, दोन घड्या घालून, घट्ट बसवलेलं. ते त्यांनी काढून फेकलं. जनरेटर सुरू केला आणि तो दिवसभर बंद पडला नाही.

का, ते समजायचं तर डिझेल टाकीतून इंजिनापर्यंत कसं जातं ते बघायला हवं.

जनरेटरच्या आत डिझेलचा प्रवास

डिझेल जनरेटर म्हणजे एका लोखंडी फ्रेमवर बसवलेली दोन यंत्रं. इंजिन फिरवतं आणि अल्टरनेटर वीज बनवतो. दुकानातला माणूस डिझेल भरतो आणि बटण दाबतो, मधलं काहीच बघत नाही. त्या मधल्या वाटेवर सात थांबे आहेत.

१. टाकी. छोट्या सेटमध्ये ती बहुतेक खालच्या फ्रेममध्येच असते. टाकीला चार गोष्टी हव्यात: डिझेल ओढणारा पाईप, परत येणारा पाईप, तळाला घाण-पाणी सोडायचा कॉक आणि हवा आत जायची वाट. ही हवेची वाट म्हणजे व्हेंट. कधी तो वेगळ्या नळीने काढलेला असतो, तर कधी झाकणालाच बारीक भोक असतं, जसं आमच्या जनरेटरला होतं.

डिझेल जेवढं बाहेर जाईल, तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल मागे ओढलं जातं. दुधाच्या पॅकेटला स्ट्रॉ लावून ओढलंत की पॅकेट चपटं होतं ना, तसंच. फक्त लोखंडी टाकी चपटी होत नाही, ती डिझेलच अडवून धरते. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असेल तर आत मोकळी हवा अगदी कमी, म्हणून पोकळी आणखी लवकर होते. आमची टाकी "फुल" होती, तेच आम्हाला नडलं! मेकॅनिक डिझेल बघायला झाकण उघडायचा, तेव्हा फुस्स करून हवा आत जायची आणि इंजिन परत वीस मिनिटं चालायचं. त्याला वाटायचं, फिल्टर बदलल्यामुळे चाललं.

आणि ते प्लास्टिक कोणी लावलं? त्या मुलानेच. पण का लावलं? आदल्या आठवड्यात मीच त्याला म्हटलं होतं, "पावसाळा येतोय, टाकीत थेंबभर पाणी जाता कामा नये." त्याने माझं काम मन लावून केलं होतं. झाकणाला भोक कशासाठी आहे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं, तर त्याला काय सांगणार?

२. पाणी वेगळं करणारा फिल्टर. डिझेलपेक्षा पाणी जड, म्हणून ते तळाला बसतं. या फिल्टरच्या खाली वाटी असते, काही सेटमध्ये पारदर्शक, आणि वाटीला छोटा कॉक. तो सैल करून तळाचं पाणी काढायचं. पाणी कुठून येतं? पाऊस हे एक कारण. दुसरं कोणाला सुचत नाही. टाकी अर्धी रिकामी राहिली की दिवसा तापते, रात्री गार होते आणि आतल्या हवेतल्या बाष्पाचे थेंब धरतात. जिथे पाणी आणि डिझेल एकमेकाला लागतात तिथे सूक्ष्म जिवाणू-बुरशी वाढते आणि बुळबुळीत थर तयार होतो. फिल्टर काळा, चिकट निघाला तर हे कारण असू शकतं.

३. फीड पंप. याला लिफ्ट पंपही म्हणतात. टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणं हे त्याचं काम. बऱ्याच सेटवर त्याच्याच शेजारी हाताने दाबायचा छोटा पंप असतो, त्याला हँड प्रायमर म्हणतात. तो कुठे आहे ते आजच शोधून ठेवा, पुढे लागणार आहे. जुन्या विहिरीवरच्या इंजिनांना टाकी वरच असायची आणि डिझेल आपोआप खाली उतरायचं. आपल्या सेटमध्ये टाकी खाली, इंजिन वर, म्हणून हा पंप लागतो.

४. मुख्य फिल्टर. इथे बारीक कचरा अडतो. कंपनीच्या पुस्तकात फिल्टर किती तासांनी बदलायचा ते लिहिलेलं असतं. "अजून चालतोय ना" म्हणून पुढे ढकलू नका. कापडाने पुसून, फुंकर मारून तोच परत बसवणं तर अजिबात नको.

५. इंजेक्शन पंप आणि गव्हर्नर. वाटेवरचा हा सगळ्यात महागडा थांबा. नेहमीच्या यांत्रिक पद्धतीच्या इंजिनात नोझल साधारण २०० बारच्या आसपासच्या दाबाला उघडतं. तुमच्या स्कूटरच्या टायरमध्ये दोनेक बार हवा असते. म्हणजे शंभर पट! एवढा दाब तयार करणाऱ्या पंपाच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरतात, त्यावरून अंदाज घ्या. धुळीचा एक कण तिथे ओरखडा काढतो. आणि या पंपाला वंगण मिळतं ते त्यातून जाणाऱ्या डिझेलचंच. पाणी गेलं किंवा कोरडा फिरला, तर तो झिजतो.

गव्हर्नरचं काम वेगाचं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि नेहमीचा चार पोलचा अल्टरनेटर मिनिटाला १५०० फेरे फिरला तरच ५० हर्ट्झ मिळतात. दोन फ्रीझरचे कॉम्प्रेसर एकदम सुरू झाले की इंजिनावर भार येतो आणि वेग पडायला लागतो. गव्हर्नर लगेच डिझेल वाढवतो. कॉम्प्रेसर बंद झाले की कमी करतो. म्हणून डिझेल नीट पोचत नसेल तर आधी आवाज वर-खाली होतो, दिवे फडफडतात आणि मग इंजिन बंद पडतं. आवाज बदलला तेव्हाच जनरेटर तुम्हाला सांगत असतो, की मला डिझेल मिळत नाहीये.

६. नोझल. म्हणजे इंजेक्टर. डिझेलची अगदी बारीक फवारणी करतो. १५०० फेऱ्यांच्या फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला ७५० वेळा फवारा मिळतो. फवाऱ्याऐवजी थेंब पडायला लागले तर डिझेल नीट जळत नाही, धूर वाढतो, खर्च वाढतो.

७. रिटर्न लाईन. पंप आणि नोझलकडचं जास्तीचं डिझेल टाकीत परत येतं. ते गरम असतं. ही नळी दबली किंवा मुडपली तरी त्रास होतो. सेट हलवताना हिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

लक्षणावरून थांबा ओळखा

मेकॅनिकला फोन करायच्या आधी एवढं बघा. अर्धी दुरुस्ती फोनवरच होईल.

- सुरू होतो, थोडा वेळ चालतो, बंद पडतो, परत सुरू होतो: आधी झाकण सैल करून बघा. फुस्स झालं तर व्हेंट बंद आहे. नसेल तर फिल्टर चोक झालाय का किंवा पाणी आलंय का ते बघा.
- आवाज वर-खाली होतो: डिझेलमध्ये हवा शिरली असेल किंवा फिल्टर चोक असेल. पाईपचे जोड आणि क्लिप बघा.
- काळा धूर: भार जास्त, एअर फिल्टर बंद किंवा नोझल खराब.
- गार इंजिन सुरू करताना थोडा पांढरा धूर येऊ शकतो. गरम झाल्यावरही येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा पाणी आत जातंय. मेकॅनिकला दाखवा.
- स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही: टाकी, कॉक, आणि बंद करणारा सोलेनॉइड बघा. डिझेल संपून टाकी कोरडी झाली होती का, ते आठवा.

हवा कशी काढायची

टाकी पूर्ण कोरडी झाली की पाईपमध्ये हवा शिरते. मग डिझेल भरलं तरी इंजिन सुरू होत नाही. हवा दाबली जाते, पण नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. आपले मेकॅनिक म्हणतात, "एअर पकडली."

यांत्रिक पंपाच्या सेटला हे असं करतात:

१. सेट "ऑटो"वर असेल तर तो आधी बंद करा. टाकी भरा, कॉक उघडा.
२. मुख्य फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल करा, खाली फडकं धरा.
३. हँड प्रायमर दाबत राहा. आधी बुडबुडे, फेस येईल. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की दाबता दाबताच स्क्रू आवळा.
४. सांडलेलं डिझेल पुसून घ्या आणि मग स्टार्टर मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या.

दोन इशारे लक्षात ठेवा. पहिला, चालू इंजिनावर जाड, लोखंडी, जास्त दाबाच्या पाईपमधून गळती दिसली तर हात लावू नका. एवढ्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण तडक हॉस्पिटलला जावं लागतं. दुसरा, नव्या कॉमन रेल इंजिनात दाब १००० बारच्याही वर जातो. त्याचे जास्त दाबाचे नट आपण कधीही सैल करायचे नाहीत. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या सेटना सीपीसीबी फोर प्लस हे प्रदूषणाचे निकष लागू झालेत, त्यामुळे बऱ्याच नव्या इंजिनांत कॉमन रेल आणि ईसीयू आला आहे. त्यांना स्वच्छ डिझेल तर जास्तच जपून द्यावं लागतं.

डिझेल साठवताना

पंपावरून कॅन आणला की लगेच ओतू नका. तासभर स्थिर ठेवा, जाळीच्या नरसाळ्यातून ओता आणि तळाचं बोटभर डिझेल कॅनमध्येच राहू द्या. गॅल्वनाइज्ड पिंप किंवा पाईप वापरू नका, जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन चिकट घाण तयार होते. साधं लोखंड किंवा डिझेलसाठीचं प्लास्टिक चालतं. आणि स्वस्त मिळालं म्हणून वर्षभराचं डिझेल भरून ठेवू नका, ते जुनं होतं. सहा महिन्यांत वापरून संपेल एवढंच घ्या.

कायद्याची गोष्टही सांगते. डिझेल हे पेट्रोलियमच्या "ब" वर्गात येतं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे एका जागी एकूण २५०० लिटरपर्यंत, आणि कुठलंही एक भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर साठवणुकीचा परवाना लागत नाही. त्यापुढे गेलात तर पेसो या केंद्रीय संस्थेकडे जावं लागतं. तिचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. मोठ्या सेटच्या कॅटलॉगमध्ये ९९० लिटरची टाकी का दिसते, ते आता कळलं? पण परवाना लागत नाही म्हणजे दुकानातच, गॅसच्या शेगडीजवळ कॅन ठेवायचा असं नाही हं.

आता पैशाचं बोलू

बीबीएला आम्हाला कॉस्टिंग शिकवलं, पण डिझेलची वही कोणी शिकवली नाही. छोटा सेट बऱ्यापैकी भारावर एका लिटरला साधारण तीन युनिट देतो असं धरा. डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर एक युनिट ३० रुपयांना पडतं, तेही फक्त डिझेलचं. फिल्टर, ऑइल, सर्व्हिस वेगळं.

समजा तुमचा भार ६ किलोवॅट आहे. म्हणजे तासाला २ लिटर, १८० रुपये. महिन्याला ४० तास चालला तर ८० लिटर, ७,२०० रुपये. आता नोझल खराब झाल्यामुळे तासाला २ ऐवजी अडीच लिटर लागायला लागलं. महिन्याला २० लिटर जास्त, म्हणजे १,८०० रुपये धुरातून गेले. वही नसेल तर हे कळतच नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे, आपण कामाच्या माणसावर चोरीचा संशय घेतो. आधी तास आणि लिटर मांडा, मग बोला. हे मी अनुभवाने सांगतेय.

अजून एक. गरजेपेक्षा फार मोठा सेट घेऊ नका. सतत ३० टक्क्यांपेक्षा कमी भारावर चालला तर डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमध्ये काळं चिकट तेल साचतं आणि एका लिटरला युनिटंही कमी मिळतात.

जुना सेट घेताना

जुना जनरेटर दाखवायला लोक तो आधीच गरम करून ठेवतात. थंड असताना जा. इंजिनाला हात लावून बघा आणि तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. टाकीच्या तळाचा कॉक उघडून बाटलीत थोडं डिझेल घ्या, पाणी किंवा गाळ आहे का बघा. फिल्टर शेवटचा कधी बदलला ते विचारा. भार देऊन किमान तासभर चालवा. आमचा किस्सा विसरू नका, अर्ध्या तासाच्या आत आमचाही सेट झकास चालत होता!

हे लिहून सेटजवळ चिकटवा

- रोज: डिझेलची पातळी, गळती, झाकणाचं भोक मोकळं आहे का.
- आठवड्याला: पाण्याच्या वाटीतलं पाणी काढणं, लाईट गेली नाही तरी भार देऊन सेट चालवून बघणं.
- महिन्याला: टाकीच्या तळाचा कॉक उघडून बघणं, पाईप, क्लिप, बॅटरी, वहीतला हिशोब.
- पुस्तकात दिलेल्या तासांवर: दोन्ही फिल्टर. एक जोडी कायम घरात ठेवा. रात्री अकरा वाजता दुकानं उघडी नसतात.
- टाकी पाव भागावर आली की भरायची. कोरडी कधीच होऊ द्यायची नाही.

त्या सकाळी काका गेल्यावर मी त्या मुलाची माफी मागितली. सोपं नव्हतं. तो म्हणाला, "ताई, ते भोक कशासाठी आहे एवढं सांगितलं असतं तर मी बंद केलंच नसतं." त्याचं बरोबर होतं. आपण माणसाला "काय कर" ते सांगतो, "का" ते सांगत नाही, आणि नुकसान झालं की त्यालाच धरतो.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं काकांकडे जाऊन अर्धा दिवस बसलो आणि हे सात थांबे शिकून आलो. आज आमच्या सेटच्या वहीत रोज त्याचीच सही असते. पावसासाठी वरती पत्र्याची शेड केली आहे आणि झाकणाचं भोक दर सोमवारी तो बारीक तारेने साफ करतो.

तुमच्याकडे जनरेटर असेल तर आज दुकान बंद करायच्या आधी एकच काम करा. जो माणूस तो रोज सुरू करतो, त्याला सोबत घ्या, झाकण उघडा आणि विचारा, "हे भोक कशासाठी आहे, माहितीये का?"

पुढच्या आठवड्यात भेटू, इन्व्हर्टर की जनरेटर या विषयावर. तोवर धंदा जपा, माणसं जपा!